सेलवरचं कुलूप

जवाहर चौकाकडे जाणाऱ्या बसमध्ये अलकाकाकू हाक मारणार, तोच पुढच्या सीटवर नवऱ्याशी बोलणाऱ्या शेजारणीच्या तोंडून त्यांचंच नाव आलं.

“किल्ली अलकाकाकूंकडे म्हणजे घर उघडंच! परवा लोणच्याची बरणी हललेली होती.”

“म्हणून तर विजेचं कुलूप घेतोय. पण सरकारी क्वार्टरचं दार लाकडी, वायरीसाठी चौकट कोरू देणार नाहीत. सेलवालं घेऊ, वीजही कमी खातं.”

“आणि सेल संपले की?”

“सोबत किल्ली देतात ना.”

“ती घरात राहिली तर आपण बाहेर!”

“मग ठेवायची कुठे?”

“कुठे म्हणजे? काकूंकडेच. दुसरं विश्वासाचं आहे कोण?”

पर्समधला किल्ल्यांचा जुडगा वाजू नये म्हणून काकूंनी मुठीत आवळला.