दुसरा पहारेकरी

मामा: या जुन्या पहारेकऱ्याला बंद करणार म्हणजे खरोखरच बंद? नुसतं स्क्रीनवर नाही ना?

इंजिनिअर: वायरच उपटणार. उद्या हा मेलाच, तर आधी सांगून थोडाच मरणार आहे? चाचणी अशीच घ्यायची असते, हे तुम्हीच मला शिकवलंत, मामा.

मामा: तेव्हा तू माझ्या हाताखाली नवीन होतीस आणि माझे गुडघे शाबूत होते. अगं, अकरा वर्षं हा एकटा अख्ख्या हॉस्पिटलच्या सर्व्हरवर नजर ठेवून आहे. कुठे जरा खुट्ट झालं की माझ्या मोबाइलवर इशारा. डोळ्याला डोळा लागला नाही त्याचा.

इंजिनिअर: आणि लागला तर ते कळवायचं कोणी? म्हणून हा दुसरा. दर पाच सेकंदांनी तो पहिल्याला विचारणार, आहेस का. तीनदा उत्तर आलं नाही की पहारा याच्याकडे.

मामा: म्हणजे मी घरी बसायला मोकळा.

इंजिनिअर: महिनाअखेरीला तुम्ही रिटायर होताय ते वयामुळे, याच्यामुळे नाही. सरका जरा. उपटते... पाच. दहा. पंधरा. घेतला बघा, पहारा घेतला त्याने.

मामा: झालं तर मग. चला, चहा घेऊ.

इंजिनिअर: थांबा. हे लाल काय दिसतंय?

मामा: नवीन आहे तो. बुजला असेल.

इंजिनिअर: मशीन बुजत नाहीत, मामा. औषधांच्या नोंदींचा सर्व्हर आहे हा. दोन डिस्कपैकी एक बंद म्हणतोय. आणि दुसरीवर वाचताना चुका... एकशे दहा. एकशे चौदा.

मामा: जुन्यावर सकाळी हिरवं होतं. तूच बघितलंस. म्हणजे नव्याचंच काहीतरी चुकतंय.

इंजिनिअर: मी त्या सर्व्हरलाच थेट विचारलं आत्ता. पहिली डिस्क जाऊन सहा आठवडे झालेत. दोन्हींवर तेच लिहिलेलं असतं, म्हणून कोणाला पत्ता लागला नाही. सहा आठवडे हा एका पायावर उभा आहे. जुन्याने तुम्हाला सांगितलंच नाही?

मामा: सांगितलं असेल.

इंजिनिअर: असेल म्हणजे?

मामा: सहा आठवडे म्हणालीस ना? तेव्हा ही वर होती. तिसऱ्या मजल्यावर.

इंजिनिअर: मामी?

मामा: हो. तिला जरा डोळा लागला की माझा फोन ओरडायचा. दर दोन मिनिटांनी. फोन बंद करावा तर डॉक्टर कधी बोलावतील सांगता येईना. म्हणून मी तिच्या उशाशी बसूनच, या एका मशीनपुरतं, जुन्याला गप्प केलं. म्हटलं, आजची रात्र जाऊ दे, उद्या बघू.

इंजिनिअर: आणि उद्या?

मामा: उद्या तिला खाली आयसीयूत हलवलं. चौथ्या दिवशी सगळंच संपलं. मग तीन आठवडे मी इकडे फिरकलो नाही. आलो तर स्क्रीनवर सगळं हिरवंगार. बरं वाटलं गं. म्हटलं, एवढं तरी धड आहे.

इंजिनिअर: गप्प केलेलं मशीन जुना हिरवंच दाखवतो. आणि गप्प केलेल्यांची यादी त्याच्या स्वतःच्या पोटात असते. मी नव्यावर बाकीच्या सगळ्या सेटिंग्ज आणल्या, ती यादी तेवढी आली नाही.

मामा: रोजची बॅकअप प्रत असेल की. त्या प्रतीवरून—

इंजिनिअर: शेवटची प्रत सहा आठवड्यांपूर्वीची. प्रत निघाली नाही हा इशाराही त्याच मशीनचा. तोही गप्प.

मामा: मग आत्ता काढ.

इंजिनिअर: काढते. पण एवढं सगळं वाचायला लावलं की उरलेली डिस्क आजच मान टाकेल, असंही होऊ शकतं. नाही काढली तर उद्या टाकेल. तुम्ही सांगा.

मामा: सुरू कर. आणि तो फोन इकडे दे. स्पीकरवर टाक.

सिस्टर: आयसीयू. बोला.

मामा: सिस्टर, सर्व्हर रूममधून मामा. तुमच्या पेशंटची औषधं, आणि कोणाला काय चालत नाही, ते स्क्रीनवरून कागदावर उतरवून घ्या. आत्ता.

सिस्टर: बारा जण आहेत, मामा, आणि आम्ही दोघी. कशासाठी पण?

मामा: स्क्रीन जाईल कदाचित.

सिस्टर: कदाचित म्हणजे?

मामा: जाईल.

(पाऊण तास गेला आहे. फोन पुन्हा वाजतो.)

सिस्टर: मामा, स्क्रीन गेला.

मामा: माहीत आहे. इथे डिस्कचा आवाजच थांबला. बासष्ट टक्के प्रत हाती आलीय. तुमचं किती झालं?

सिस्टर: आठ जणांचं उतरवलं. नवव्यापाशी होते. हे पेशंट आजच सकाळी आलेत, शुद्धीवर नाहीत. ताप उतरत नाही म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शन सांगितलं आणि स्वतः ऑपरेशन करायला गेले. सिरिंज माझ्या हातात आहे. पण त्यांच्या नावापुढे लाल खूण होती. कशाची होती ते वाचायच्या आत गेलं.

मामा: प्रतीत बघ गं.

इंजिनिअर: बघितलं. आज भरती झालेले शेवटी होते. नाहीत यात.

मामा: सिस्टर, देऊ नका. यांना आणलं कोणी?

सिस्टर: मुलीने. ती गेली घरी कपडे आणायला. नंबर स्क्रीनवरच होता.

मामा: गेटवरच्या वहीत असेल. वॉचमन लिहून घेतो प्रत्येकाचा. फोन ठेवू नका, दुसऱ्यावरून गेटला लावतो... मिळाला नंबर... ताई, हॉस्पिटलमधून बोलतोय. नाही, नाही, घाबरू नका, बाबा आहेत तसेच आहेत. त्यांना कुठलं औषध चालत नाही, एवढंच सांगा. हं. हं. मागे एकदा असंच झालं होतं? बरं. ठेवतो... सिस्टर, पेनिसिलिन.

इंजिनिअर: सिस्टर? आहात ना?

सिस्टर: आहे. ट्रेमध्ये ठेवली सिरिंज. तेच होतं माझ्या हातात. मी डॉक्टरांना गाठते. उरलेल्या तिघांचंही त्यांना विचारूनच.

मामा: बस जरा. कीबोर्ड पुढे घे.

इंजिनिअर: कशाला?

मामा: रिपोर्टमध्ये लिही, इशारा मी गप्प केला. माझं नाव घालून लिही. तुझ्या मामीचं काही लिहू नकोस.

इंजिनिअर: लिहीन. पण त्याआधी एक बघा. आज चाचणीपुरती मी नव्याला सहाच मशीन दिली होती. बाकीची अठ्ठावन्न अजून जुन्याच्याच भरवशावर आहेत. म्हणून जुना पुन्हा सुरू केला आणि गप्प केलेल्यांची यादी उघडली.

मामा: तिच्यात हे एकच असणार.

इंजिनिअर: एकोणीस आहेत.

मामा: मी नाही केले एवढे.

इंजिनिअर: सगळे तुमच्या फोनवरून झालेत, मामा. त्याच चार दिवसांत. कधी दुपारी, कधी पहाटे.

मामा: मला एकही आठवत नाही गं. फोन वाजला की मी नुसतं बोट... वाच. वरून सुरू कर.

इंजिनिअर: पहिलं, ऑक्सिजनच्या टाकीचा दाब मोजणारं.

मामा: ते आत्ता हिरवं आहे का?

इंजिनिअर: सगळीच हिरवी आहेत, मामा.