खंडेनवमीची सुट्टी

अन्नपूर्णाबाई : अवो, वायर नाही उपटली म्या. तुम्ही शिकवलं तसाच रीतसर बंद केला. मंग पुसला, हळदीकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला.

भगवानराव : पण कॉम्प्युटर बंद काऊन केला?

अन्नपूर्णाबाई : खंडेनवमी होती न काल! विळा, वखर, माही शिलाई मशीन, समद्यायले सुट्टी. ह्यानं एकट्यानंच काय पाप केलं? घट बसले तवापासून राबून राह्यला. लाइट गेली तरी बॅटरीवर.

भगवानराव : तसाच चालू ठेवाचा होता त्याले. त्याची हार्ड डिस्क जळेल हाय. पेनड्राइव्हातून समदी सिस्टीम रॅममंधी घेतली अन् पेनड्राइव्ह काढून ठेवला. वीज हाय तोवर समदं तिथं. बंद केलं का साफ.

माणिकराव : अन् म्या सांगून लिहून घेतलेलं माह्यं गाव, भगवान?

भगवानराव : गेलं, बाबा.

माणिकराव : रोज तं तू म्हणे, सेव्ह केलं.

भगवानराव : केलं. तेही रॅममंधीच. पुरं झालं का एकदमच पेनड्राइव्हात घेऊ, म्हटलं. चूक माहीच हाय.

अन्नपूर्णाबाई : मले एका शब्दानं सांगितलं असतं तं हात लावला असता का म्या?

माणिकराव : जाऊ दे, पोरी. खरं गाव धरणात गेलं तवा निदान नोटीस तरी आली होती.

भगवानराव : बाबा, पुन्हा सांगता का?

माणिकराव : आठ दिस सांगितलं बे. घसा बसला. चौऱ्याऐंशी वर्साचा हाय मी, थकलो आता. आज नव्या गावठाणात सोनं द्याले समदे येतील. जालन्याहून, डोणगावहून. कोणाचं घर कुठं होतं, पोराय-सोरायच्या हातात कागद द्याचा होता. सांगणारा मी एकटाच उरलो.

भगवानराव : संध्याकाळपावतर वेशीपासून मारुतीपर्यंत तरी होईल.

अन्नपूर्णाबाई : मी चहा ठेवते, बाबा. अद्रक टाकून. घसा मोकळा होईल.

(भगवानराव हार काढून बाजूला ठेवतात. पेनड्राइव्ह लावतात. या वेळी तो तसाच राहू देतात.)

माणिकराव : लिही. वेशीतून घुसलं का डाव्या हाताले पुंजाजीचं घर. मंग नारायणरावचा गोठा. मंग... मंग विहीर.

भगवानराव : विहिरीच्या पयले गोजरबाईचं घर, बाबा. दारात शेवगा.

माणिकराव : हाव... शेवगा. शेंगा रस्त्यावर लोंबत. पण तुले कसं ठाऊक? तू तं ते गाव पाह्यलंच नाही.

भगवानराव : आठ दिस तुमच्याच मागं फिरून राह्यलो न तिथं. चला, विहिरीपासून उजव्या हाताले वळाचं.