खंडेनवमीला मशीन बंद

...अन् वर झेंडूचा हार! तुम्हाला सांगते, लॅबचं दार उघडलं अन् बघते तर काय! चार महिने रात्रंदिवस चालू असलेलं बॅटरी तपासायचं मशीन बंद, स्क्रीनला हळदीकुंकू, खाली फोडलेला नारळ... आता बोला!

कारभारीकाका, आमच्या लॅबचे शिपाई, पिशोरचे, म्हणतात कसे, "ताई, आज खंडेनवमी न्हाय का! माझं पोरगं शेंद्र्याला कंपनीत हाय, तिथं बी मशीनं बंद ठेवून पूजा करतेत. वर्षभर राबतंय बिचारं." अहो, बिचारं काय! त्यात माझ्या पीएचडीचे सेल होते, मँगनीज ऑक्साइडचे! अन् दसरा झाला की लगेच कमिटीपुढं मी छाती ठोकून सांगणार होते, की कितीही चार्ज करा, कितीही उतरवा, माझ्या मालाची आतली रचना बदलत नाय म्हणजे नाय!

म्हणजे कसं, या ऑक्साइडचे आत थर असतात, थरांच्या मधी लिथियम बसतं, चार्जिंगला उठून बाहेर जातं, बॅटरी वापरली की परत येतं. पण आपण कन्नडच्या एसटीत रुमाल टाकून पाण्याची बाटली आणायला उतरावं अन् परत येईस्तोवर रुमालावर भलताच पैलवान बसलेला असावा, तसं ते मँगनीज लिथियमच्या जागेवर जाऊन बसतं! उठतच नाय! मग थर मोडतात, बॅटरीचा दम जातो. माझ्या सेलमधी हे होणारच नव्हतं, अन् काकांनी बटण दाबलं... आता बोला!

रडत रडत सेल उघडला, एक्स-रेच्या मशीनलाही हार, तो काढून एक्स-रे घेतला... थर गायब! धावत गाईड मॅडमकडं. "मॅडम, काकांनी वाट लावली माझी! लेखी तक्रार करते!" मॅडमनी शांतपणे चष्मा पुसला. "गणपतीच्या आधी एक सेल काढून ठेवला होतास, त्याचा एक्स-रे कुठंय?"

कुठंय म्हणजे? घेतलाच नव्हता! चांगल्या सेलचा कशाला घ्यायचा?

घेतला. तुम्हाला खोटं वाटेल, डोळे पांढरे झाले माझे... त्यातही पैलवान बसलेला! ऐसपैस! गणपतीच्या आधीपासून! कमिटीपुढं काय तोंड दाखवू? आता बोला!

बाहेर आले, तर दारात काका, हातात प्रसादाचं खोबरं, तोंड एवढंसं झालेलं. "श्रेयाताई, म्या बंद केलं म्हणून बिघडलं का वं?"

खोबरं घेतलं. म्हटलं, "नाय काका... चालू होतं तेव्हाच बिघडलं होतं."