ढेकूण कुणाच्या घरचे

माझं माहेर दुधनीचं. घरात कानडी बोलायचे, बाजारात मराठी, आईला आम्ही अव्वा म्हणायचो आणि थोरल्या भावाला अण्णा. वडिलांची तुरीची आणि ज्वारीची अडत होती, म्हणजे पोत्यांचंच घर म्हणा की, ओसरीवर पोती, माजघरात पोती, पोत्याला टेकूनच आम्ही जेवायचो, आणि पोती आली की किडे आलेच. काय सांगू तुम्हाला, डाळीत टोके, पिठात अळ्या, अळी झाली की पिठाला जाळं धरतं, चाळणीत टाकलं की पीठ खाली पडत नाही, गोळेगोळे होऊन लोंबत राहतं, आता सांगतानासुद्धा माझ्या जिभेला कसंतरी होतंय बघा. अव्वाला तर त्या किड्यांची इतकी किळस की तिचा हात सारखा त्यातच. ज्वारीच्या कणगीत बिब्बे आणि कडुनिंबाचा वाळका पाला, डाळीला एरंडेलाचा हात, गुळाच्या मडक्याभोवती मुंग्यांसाठी हळदीची रेघ, आणि अंथरुणात वेखंड. वेखंड उन्हात कडकडीत वाळवायचं, कुटायचं, फडक्यातून गाळायचं आणि ती पूड गोधडीवर चोळायची. वास लई उग्र, नाकात बसला की दिवसभर जात नाही. पुष्कळांना नको होतो तो वास, मला त्याच्यावाचून झोप येत नसे.

लग्न लहानपणीच झालं. इथं सोलापुरात शुक्रवार पेठेत दिलं. मामंजी देवळात पूजा करायचे, हे शाळेत मास्तर, आणि सासूबाई. माणसं एवढीच, पण सासूबाई एकट्याच दहा माणसांचं घर असल्यासारख्या, सोवळं त्यांचं फार कडक. पाणी वेगळं, चूल वेगळी, चुलीचं लाकूडसुद्धा धुऊन घ्यायचं. माजघरात माळवदाला दोन दोऱ्यांनी एक लांब वेळू टांगलेला होता, ती सोवळ्याची वलणी. मामंजींचा रेशमी मुकटा, उपरणं, सासूबाईंचं सोवळ्याचं लुगडं, सगळं तिच्यावर, आणि ते काढायचं घालायचं सासूबाईंनीच, तेही काठीने, हात लावायचा नाही. मी नवी नवी असताना एकदा झाडू वर गेला, जाळी काढावी म्हणून, तर केवढ्याने ओरडल्या, अगं वलणीला शिवशील, सगळं सोवळं धुवायला लागेल, तुझ्या दुधनीत चालत असेल. तेव्हापासून मी मानसुद्धा वर केली नाही.

अव्वाने माझ्याबरोबर गोधडी दिली होती, तिच्या जुन्या लुगड्यांची. ती आली आणि दोन पावसाळ्यांनी घरात ढेकूण झाले. झाले म्हणजे काय, भरले. तुम्ही म्हणाल ढेकूण कुणाच्या घरी नाहीत, पण असे नाहीत हो. बाजेच्या सुंभात हात घातला तर बोटांना ओलं लागायचं. भिंतीतल्या भेगेत सुई घातली की सुईला चिकटून यायचे, फुगलेले, काळपट तांबडे, आणि त्यांची अंडी खसखशीसारखी, एकाला एक चिकटलेली. चिरडला की तो वास. कुजक्या कोथिंबिरीसारखा म्हणतात, पण मी पुढे कितीतरी दिवस कोथिंबीर निवडायला घेतली नाही. भिंतीवर सगळ्यांच्या बोटांचे तांबडे पट्टे, कुणी चुना लावला तरी खालून डोकवायचे. आपलंच रक्त ते, भिंतीला पुसलेलं. पाहुणा आला की मी त्या भिंतीला पाठ लावून उभी राहायची.

सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात निकाल दिला. दुधनीची गोधडी आली आणि दुधनीचे ढेकूण आले. जेवताना तेच, पाणी भरताना तेच, शेजारणीजवळ तेच. मी धूर केला, ढेकूण हलले नाहीत, तर म्हणाल्या, कानडी ढेकूण ते, त्यांना मराठी कळत नाही, तूच सांग तुझ्या भाषेत. शेजारीण पदर तोंडाला लावून हसली. मीही हसले, काय करणार, पण हसताना डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुराचं नव्हतं.

उपाय मी कोणता ठेवला नाही. बाजा अंगणात काढून उकळतं पाणी ओतलं. फटींत रॉकेल सोडलं. भिंतीला चुन्यात हिंग कालवून लावला. निरगुडीचा पाला अंथरुणाखाली घातला. मंद्रूपची एक म्हातारी झाडपाल्याची पाटी घेऊन गल्लीत यायची, तिच्याकडून वेखंड घेतलं. तिला म्हटलं, आजी, आमच्याकडे म्हणतात ढेकूण माझ्या माहेरचे. ती म्हणाली, व्हय गं, ढेकणं येकमेकास्नी सांगून आलं असतील, चला लेकीला पोचवून येऊ. ढेकूण काय जात बगून चावतंय व्हय, घे वाईच जास्त येखंड, लई गुण हाय त्याला. वेखंड मी माझ्या गोधडीला चोळलं, यांच्या अंथरुणाला चोळलं, मामंजींच्या गादीला चोळलं. मिरच्यांची धुरी केली तेव्हा तर आख्खी गल्ली खोकली आणि हे शाळेत गेल्यावर मुलं नाकाला हात लावायला लागली. एक दिवस बरं जायचं, की पुन्हा अंगावर गांधी. यांची बाही वर सरकली की मुलं हसतात म्हणून यांनी वर्गात फळ्यावर उंच लिहायचं सोडलं.

हे मला काही बोलले नाहीत. आईलाही बोलले नाहीत. त्यांचं तसंच, सगळ्या गोष्टी ऐकून घ्यायच्या.

मग सासूबाईंनी दुधनीला निरोप धाडला. एक गाडीवान तिकडे जायचा, त्याच्याकडून. मुलीला घेऊन जा, गोधडीसकट. मी विचारलं, कधीपर्यंत. म्हणाल्या, ढेकणांना वर्षाची मुदत देतात का कुठं? जा आणि तिथंच राहा, मास्तराला दुसरी मुलगी बघू, स्वच्छ घरातली. हे भिंतीकडे तोंड करून मुलांच्या वह्या तपासत होते. मी उभी होते, त्यांचा हात थांबला, पण मान वळली नाही.

त्यातच मला कावळा शिवला. आमच्याकडे तेव्हा परसात एक पडवी होती, तिथं बाजूला बसायचं, खाली नुसतं तरट, पांघरायलाही तरटच, गोधडी नाही, काही नाही. गोधडी सासूबाईंनी आधीच अंगणात दगडाखाली टाकलेली, भाऊ येईपर्यंत. आणि काय सांगू तुम्हाला, मी पडवीत पाठ टेकली आणि मला एकही ढेकूण चावला नाही. पहिल्या दिवशी वाटलं दमलेय म्हणून कळलं नसेल. पण अंगावरच्या गांधी बसल्या, खाज गेली. आणि आतून सासूबाईंचा आवाज, मेले रक्त पितात, झोपू देत नाहीत. मी बाहेर, गोधडी बाहेर, आणि ढेकूण आत. मग माझे कसे?

बाजूला बसलेल्या बाईला काम नसतं, बघत बसायचं. पडवीतून माजघराचं दार सरळ दिसायचं. सकाळी सासूबाई आंघोळ करून आल्या, ओलं लुगडं पिळून काठीने वलणीवर टाकलं, काठी वेळूवर ठक्कन आपटली, आणि खाली सारवलेल्या जमिनीवर तिळासारखं काहीतरी सांडलं. तीळ म्हणावे तर ते चालायला लागले. कोपऱ्याकडे, भिंतीकडे, अंथरुणाच्या वळकट्यांकडे. मी बघतच राहिले. मग परसात जाऊन ओकले.

आता विचार करते तेव्हा हसू येतं की इतक्या सोप्या गोष्टीला इतका वेळ का लागला. पण सोवळ्यात ढेकूण असेल हे मनात तरी कसं येणार? सगळं घर आम्ही उकळत्या पाण्याने धुतलं, तो वेळू तेवढा सोडून, कारण तो आधीच सगळ्यात स्वच्छ. त्याला रॉकेलचा वास नको, त्याला धुराची काजळी नको, त्याला कुणी शिवायचं नाही. पोकळ वेळू, टोकं उघडी, वर माळवदाची ऊब, खाली आम्ही झोपलेले. त्यांना आणखी काय पाहिजे?

पण सांगू कुणाला? सासूबाईंना सांगावं तर सोवळ्याला नाव ठेवलं म्हणून त्याच दिवशी घराबाहेर. यांना सांगून उपयोग नाही. आणि मामंजींशी तर मी लग्न झाल्यापासून एक शब्द बोलले नव्हते, तशी रीतच नव्हती, पाणी ठेवायचं आणि मागे सरायचं.

मी न्हाऊन घरात आले त्याच दिवशी अण्णा आला. डोक्याला रुमाल, हातात तुरीच्या शेंगांचं गाठोडं, बिचाऱ्याने भेट आणली होती. सासूबाईंनी त्याला पाणीसुद्धा दिलं नाही. गोधडी आणली अंगणात, मामंजींचं पांढरं धोतर खाली अंथरलं, म्हणाल्या, बघ, काय दिलंय तुम्ही, डोळ्यांनी बघ. आणि लागल्या झटकायला. झटकली, उलटी केली, पुन्हा झटकली. वेखंडाची पूड पडली नुसती. सगळ्यांना शिंका आल्या. सासूबाई म्हणाल्या, लपले असतील, शिवणीत. अण्णाने शिवण उसवून दाखवली. आत अव्वाच्या लुगड्याचे जुने काठ, बाकी काही नाही. तर म्हणाल्या, भाऊ येणार म्हणून हिने आधीच वेचून काढले.

तेवढ्यात मामंजी बाहेर आले. देवळात निघालेले, मुकटा नेसून, उपरणं खांद्यावर, हातात पळी पंचपात्र. अण्णाने लांबूनच हात जोडले. आणि मला दिसलं. उपरण्याच्या घडीतून एक निघाला. एवढा मोठा, फुगलेला, सकाळच्या उन्हात चकाकत, सावकाश खांद्यावरून मानेकडे. पिवळ्या रेशमावर तांबडा ठिपका चालतोय. सगळ्यांनी बघितला. आणि कुणाला काही करता येईना हो, मामंजी सोवळ्यात, शिवायचं कुणी? सासूबाई झटकत बसलेल्या, धुळीच्या. अण्णा बैलगाडीतून आलेला. हे जेवलेले. आम्ही सगळे उभे, आणि तो आपला देव्हाऱ्यात निघाल्यासारखा वर चाललाय.

मी म्हणाले, मामंजी, हलू नका, मानेवर ढेकूण आहे.

माझा आवाज त्यांनी पहिल्यांदा ऐकला तो असा. सासूबाई म्हणाल्या, तोंड सांभाळ. मी म्हणाले, वलणीवरून आलाय, वेळूत आहेत, मी पडताना बघितलेत. बोलले आणि मी तुळशीचा कट्टा धरला. सासूबाईंनी काठी उचलली, मला वाटलं माझ्यासाठी, पण त्यांनी तिच्या टोकाने मामंजींच्या मानेवरचा तो दाबला. फुटला. रेशमावर डाग, आणि तो वास.

मामंजी कुणावर रागावले नाहीत. पळी पंचपात्र खाली ठेवलं आणि हळूच म्हणाले, गाभाऱ्यात हात मागे नेता येत नाही, किती महिने झाले, पाठीची आग होते, मंत्र चुकतात, मी कुणाला सांगू? मग म्हणाले, वेळू खाली काढा. सासूबाई म्हणाल्या, कोण शिवणार त्याला? तर म्हणाले, तिलाच काढू दे, तिला दिसले ना.

मी आणि अण्णाने दोऱ्या सोडल्या. वेळू अंगणात फरशीवर उभा आपटला. काय सांगू, मी पुष्कळ घाण बघितली आहे, तुंबलेल्या मोऱ्या काढल्या आहेत, पण तसं पुन्हा कधी बघितलं नाही. आधी काळी पूड पडली, मग सालं, फुंकर मारली तर उडतील अशी, मग ते. ओंजळीने पडले. एकमेकांवर चढत, फरशीच्या उन्हात वळवळत, काही इतके भरलेले की चालता येईना. अण्णाने उकळतं पाणी ओतलं तेव्हा पाणी तांबडं होऊन मोरीला गेलं. ते रक्त कुणाचं? मामंजींचं, यांचं, माझं, सासूबाईंचंही. सगळं एकात एक. तिथं कुठलं सोवळं आणि कुठलं ओवळं.

सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. मुकटा त्यांनी पुन्हा पुन्हा धुतला, इतका की रंग उतरला. संध्याकाळी अण्णाला ताट वाढलं, स्वतः वाढलं, आणि वाढता वाढता म्हणाल्या, तो वेळू आणला होता कुठून माहीत आहे का, तुमच्या दुधनीच्या बाजारातून. अण्णाला आमटीचा ठसका लागला. हे पहिल्यांदा मोठ्याने हसले. मला न्यायचा विषय मग कुणीच काढला नाही, सकाळी अण्णा एकटाच गाडीत बसला.

चूक झाली असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. आता खूप थकल्या आहेत, मीच त्यांना न्हाऊ घालते, पाठ चोळते. वलणी आहे अजून, पण दोरीची, आणि ती मी दर अमावास्येला उन्हात काढते, त्या बघतात आणि दुसरीकडे तोंड करतात. आणि खरं सांगू, एवढं होऊनही घरात कुणी नुसतं खांदा खाजवला तरी पहिली नजर माझ्याकडे येते. यांचीसुद्धा. वाईट हेतूने नाही, सवयीने. मी आता त्याचं काही वाटून घेत नाही, म्हणजे थोडं घेते.

तुम्ही हे लिहून घेताय ते ठेवा आपल्याजवळच, गल्लीत वाचून दाखवू नका. माझ्या थोरलीला या वर्षी बघायला येऊ लागलेत. पैसा, अडका, वाडा, काही मागत नाही मी देवाजवळ. घरात किडा मुंगी असणारच, तिने हाताने काढावी, मी शिकवलंय सगळं. पण तिथं कुणाला खाज सुटली तर सगळ्यांनी आधी स्वतःचं अंथरूण झटकावं, एवढं चांगलं सासर माझ्या पोरीला मिळो.