सकाळी दोन हुती

न्हाई वो मावशी, लाजायचं त्याला ठावंच न्हाई. कुनाकडंबी जातोय. वळख न्हाई पाळख न्हाई, मांडी दिसली की बसला. जड झाला तर सांगा — न्हाई, सव्वा वर्साचा न्हवं, पावणेदोन सरलं त्याला, अंगानं बारीक राहिलाय जरा. साईराज नाव. आन् ही शिवांजली, हिला कालच दीड महिना झाला. तुमी त्याला धरलाय म्हनून हिच्या अंगावरचं फडकं तरी नीट करता आलं. न्हाईतर विट्यापासनं हितं तासगावच्या स्टँडपतोर एका हातावर ही, दुसऱ्या हातात त्यो, आन् पिशव्या दातात धरायच्याच ऱ्हायल्या हुत्या.

एकटी म्हंजे — दुसरं कोन येनार? आमचं हे मिलिट्रीत, तिकडं वर, बर्फात. बाळातपनाला वीस दिस सुट्टी गावली, बारसं झालं, पेढं वाटलं, गेलं. आत्ती हायेत घरी, सासूबाई, पर आमच्या उसाला तोड आलीया, त्या सकाळी फडात जात्यात ते दिवस मावळताना येत्यात. वाईट न्हाईत वो. सव्वा महिना उंबऱ्याभाईर पाय टाकू दिला न्हाई मला, शेगडी दिली, डिंकाचं लाडू दिलं, समदं केलं. पर बाळातीन घरात हाय म्हनल्यावर पोरंबी घरातच, आन् ती दोघं माझ्याच अंगाव. पहिलं बाळातपन माहेरी, दुसरं सासरी, आमच्यात रीत हाय तशी. पहिल्या वक्ताला आई हुती, मी फकस्त पाजायला उठायची. आता तीच शिराळ्यात खाटंव पडून हाय, एक अंग गेलंय तिचं.

तुमाला सांगते, बारकी पोरं घिऊन भाईर पडायचं तर समद्यात अवघड काय? एसटीची पायरी. हसू नका, खरं सांगते. आदी त्याला वर ठेवावं तर त्यो आत पळतोय, तेवढ्यात गाडी हालली तर? आदी हिला द्यावं, तर कुनाच्या हातात? वरची मानसं नुसती बघत्यात, मागची ढकलत्यात. मग मी काय करते — कुनालाबी म्हनते, जरा धरा. समोरचं मानूस चांगलं असंल असं आपलं मानायचं. दुसरं काय हाय हातात?

आवं, ती चिठ्ठी ऱ्हाऊ द्या त्याच्या खिशात. काढू नका. तोंडात घालतोय व्हय? काय न्हाई, नंबर हाय नुसता. वरचा आमच्या ह्यांचा, खालचा आत्तींचा, आन् नाव, गाव. हरवायला नको म्हनून. गर्दी असती… घरी काय सांगून आले? डोस द्यायचाय म्हनून, दीड महिन्याचा. व्हय, गावातबी असतोय, बुधवारी नर्सबाई येती — तुमाला समदं ठावं हाय की. तर आमी आता शिराळ्याला चाललोय. आईला बारकी दावायला. ती पिशवी? त्याचीच कापडं हायेत तिच्यात, चार जोड, आन् वाटी-चमचा. हिची माझ्याजवळ हायेत, ह्या दुसऱ्या पिशवीत. तुमच्या पायापाशी ठेवली, अडचन तर न्हाई ना हुत?

भाईर पडायचं मला भ्या न्हाई आता. गेल्या मंगळवारी औंधाला जाऊन आले की, ह्या दोघांस्नी घिऊन. सव्वा महिना झाला की बाळ आदी यमाईच्या पायाव घालायचं, त्याच्याआदी कुठं न्यायचं न्हाई, असं आत्तींचं म्हननं. त्यास्नी तोडीमुळं यायला हुईना, म्हनल्या तूच जाऊन ये. तान्ही भाईर न्यायची तर लोखंड लागतंय जवळ, म्हनून त्यांनीच माझ्या पदराला अडकित्ता बांधला. गेले. डोंगराच्या पायथ्याला आले आन् ह्यानं बसकन मारली. चढंना. दोन्ही हात वर करून — उचल म्हनतोय. हिला खाली ठेवता येत न्हाई, त्याला उचलता येत न्हाई, शिझरचं टाकं अजून वडत्यात. तितं वटीचं दुकान हुतं एका बाईचं, मनुबाई नाव तिचं. ती म्हनली, जा तू देवीला, मी बघते ह्येला. करवंटीत खोबऱ्याचा तुकडा दिला त्याला. मी वर गेले, वटी भरली, हिला देवीम्होरं ठेवली. मागितलं काय म्हनाल तर काय न्हाई. नुसती बसले. लय दिसानं नुसती बसले.

उतरताना एक जीप हुती, कराडकडची मानसं. तान्हं हाय तुमच्याजवळ, बसा ताई म्हनली. बसले. गाडीरस्त्यानं खाली आलो, मनुबाईचं दुकान आलं. त्यो पोत्याव बसलेला, पाय म्होरं सोडून, करवंटी चाटत हुता. काचंतनं दिसला मला. थांबवा म्हनायचं हुतं. एवढंच — थांबवा. जीप गेली म्होरं. त्यांनी स्टँडव सोडलं, आन् विट्याची गाडी लागलेलीच. मी चढले, मावशी. एक हात दांडीला, एक पोर हातावर, पायऱ्या कवा चढले कळलं सुदिक न्हाई. खिडकीपाशी बसले. ही झोपलेली. वारं लागलं तोंडाला. म्हनलं, असं असतंय व्हय एका पोराचं.

इसरले न्हवते. बाळातीन हाय, डोस्कं ठिकान्याव नसतंय, असं म्हनून कुनीबी सोडून दिलं असतं मला. सांगायला सोपं हाय ते. पर मी इसरले न्हवते.

पुसेसावळीच्या अलीकडं कंडक्टर आला तिकिटाला. निघाला सकाळच्या येतानाच्या गाडीवरचाच. माझ्याकडं बघितलं, हिच्याकडं बघितलं, वाकून शीटाखाली बघितलं. म्हनला, “बाई, सकाळी दोन हुती न्हवं?” त्यानंच घंटी वडली, त्यानंच खाली उतरवलं, औंधाकडं जानाऱ्या टेंपोत बसवून दिलं. तुमी म्हनाल, शेवटी आईचं काळीज, फिरली माघारी. त्यानं इचारलं म्हनून फिरले. तिकिटाला दुसरा कुनी असता तर? त्या दिसापासनं रोज इचारते मी सोताला, आन् रोज उत्तर एकच येतंय.

दोन तास तरी झालं असतील तवर. मनुबाई म्हनली, लय गुनाचं लेकरू, एकदा सुदिक रडलं न्हाई. म्या हाक मारली. त्यानं बघितलं माझ्याकडं. बघितलं आन् आला न्हाई. तिच्या लुगड्याला टेकून बसला तसाच. आदी असा न्हवता वो त्यो. शेजारनीनं हात लावला तर घर डोक्याव घ्यायचा. तवापासनंच कुनाकडंबी जातोय. तुमी मगाशी म्हनला न्हवं, लय गुनी हाय, लगीच आला म्हनून?

राग येतोय मला. हिचा न्हाई, ही काय मागतीया. ह्याचा. हात वर करतोय ना, त्याचा. एवढ्याशा पोराचा राग, आन् मी त्याची आई. ह्यांना फोनवर सांगाय गेले, तर म्हनले, “अंकिता, हितं मायनस वीसमधी पोरं हुभी ऱ्हात्यात. तुला घरात बसून दोन हुईनात?” काय चुकलं त्यांचं? दोनच तर हायेत. आत्तींनी पाच काढली, फडातली कामं करून. मला रोज सकाळी डोळं उघडलं की आदी ह्यो दिसतोय, आन् वाटतंय आज बी हाय.

ही काय लागली गाडी — सांगलीच न्हवं तुमची? मग उठा की. आमची येईल शिराळ्याची. कवा म्हंजे… येईल. ती बाजूला मोरी हाय बघा बायकांची, मी हिला घिऊन जरा जाऊन येनार हुते, तुमी बसलाय तोवर. पर ऱ्हाऊ द्या आता, तुमची आली. जावा तुमी. उठा की, कंडक्टर हाका मारतोय. असं काय बघताय माझ्याकडं? मी काय म्हनले? जाऊन येते म्हनले फकस्त. काय वाईट म्हनले काय मी? गडबड करा, जागा न्हाई गावायची.

गेली बघा. तुमच्यादेखत गेली. आता काय करनार हितं बसून? आन् फोन कुनाला लावताय? चिठ्ठी ठेवा ती. खालचा नंबर लावू नका, आत्ती फडात हायेत, त्यास्नी ऐकू न्हाई यायचं. वरचा लागत न्हाई. लावू नका म्हनते न्हवं. मी चालले, आमी तिघंबी चाललो. द्या माझं पोरगं हिकडं. हात काढा त्याच्या पोटावरचा, मावशी. तुमचं काय हाय त्यात? तुमी धरलं तेवढं लय झालं. सोडा.

हां. सोडलं त्यांनी, साईराज. उतर खाली, ये. ये की, बाळा. तिकडं काय टेकतोयस, हिकडं बघ, आई हितं हाय. हिला ठेवली मी बाकड्याव, बघ — ठेवली. दोन्ही हात मोकळं हायेत माझं. उचलते. ये की.