दर शुक्रवारी बसणारं चाक

स्पेअर पार्टच्या दुकानात माझ्यापुढे एक पिकअपवाला आणि त्याची बायको उभी होती. काउंटरवर हवा भरायचे दोन पंप मांडले होते.

"दादा, यांच्या गाडीचं चाक दर शुक्रवारी आडरानात बसतं. घरी यायला उशीर होतो. झटपट हवा भरणारा कोणता?"

"हा घ्या, वहिनी. चिमटे गाडीच्या बॅटरीला लावायचे, की चाक टणक."

"बॉनेट कोण उघडत बसणार? नको."

"मग हा बघा, भाऊ. फोन चार्ज करता त्याच सॉकेटला लागतो. सॉकेट चालू आहे ना?"

"एकदम."

"चालू आहे? मग शुक्रवारीच तुमचा फोन कसा बंद पडतो?"

"अगं, म्हणजे, कधी चालतो, कधी नाही. त्याचा भरवसा नाही."

"तेच म्हणते मी. दादा, चिमटेवालाच द्या."

"त्याचा आवाज फार होतो गं."

"आडरानात कोणाची झोपमोड होणार आहे?"

"वहिनी, चालवून दाखवू का?"

"इथं नको. या शुक्रवारी मीच गाडीत बसून जाते. चाक बसेल तिथंच बघू."

"या शुक्रवारी भाडंच नाहीये."