सारसाच्या पायाखालचा गोळा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय राजेंद्रजी, प्रमुख पाहुण्या आदरणीय उमाताई, व्यासपीठावरील मान्यवर, आपल्या मराठी मंडळाचे पदाधिकारी, गजेंद्रभाऊ आणि नूतनवहिनी, जिला निरोप द्यायला आपण जमलो ती त्यांची कन्या श्रुतिका, आणि बालाघाट, लांजी, हट्ट्याहून वेळ काढून आलेल्या बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

अध्यक्षांनी माझी ओळख करून देताना पुष्कळ चांगलं सांगितलं. मी नीळकंठ, एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, एवढंच त्यातलं खात्रीचं आहे. श्रुतिका परवा नौदलाच्या प्रशिक्षणाला केरळात निघते आहे. आपल्या जिल्ह्यातली मुलगी आणि समुद्र, केवढं अंतर. “हिला ही वाट सरांनी दाखवली,” असं मघापासून तीन वक्ते म्हणाले. त्या वाक्याबद्दलच मला बोलायचं आहे. कौतुकाचा कार्यक्रम आहे, हे मी विसरलेलो नाही. थोडा धीर धरून ऐकावं, ही विनंती.

श्रुतिका नऊ वर्षांची असताना मी वर्गाला सांगितलं, घरातली एखादी वस्तू आणा आणि तिचं चित्र काढा. कोणी पितळी गडवा आणला, कोणी सूप. ही मुलगी एक लाकडी ढाल घेऊन आली. वीतभर उंचीची, तिच्यावर गोल चिन्ह. कडेनं दोराचा वेढा, खाली निळ्यापांढऱ्या लाटा, लाटांवर एका पायावर उभा सारस. दुसऱ्या पायाच्या पंजाखाली गोळा. गोळ्यावर बारीक बारीक शिंगं.

“सर, हे आजोबांच्या जहाजाचं आहे. याच्यात काय लिहिलंय?”

मला माहीत नव्हतं. नौदलाच्या प्रत्येक जहाजाला असं चिन्ह असतं आणि त्यातल्या रेघेरेघेला अर्थ असतो, एवढंही तेव्हा ठाऊक नव्हतं. पण तीस मुलं बघत होती. ‘माहीत नाही’ म्हणायला शिक्षकाला किती जड जातं, इथले शिक्षक जाणतात. मी म्हणालो, “बाळ, हा आपल्या धानाच्या बांध्यांमधला सारस. तो समुद्रावर गेला, धीरानं उभा राहिला, म्हणून समुद्रानं त्याला मोती दिला.” तिनं विचारलं, मोत्याला शिंगं कशी? मी म्हणालो, ती किरणं. सोनेरी रंग मीच कालवून दिला.

त्या चित्राला जिल्ह्यात बक्षीस मिळालं. तेरा वर्षं ते तिच्या पलंगावरच्या भिंतीवर होतं. आणि तेरा वर्षांत ती ज्याला त्याला एकच सांगत आली, मी नेव्हीत जाणार.

तिचे आजोबा प्रेमलालजी नौदलात होते आणि तिकडेच वारले, हे मला माहीत होतं. आजी दुर्गाबाईंना तिचं हे वेड मुळीच पसंत नाही, हेही माहीत होतं. तरी गेल्या वर्षी फॉर्म मी भरवला. मुलाखतीला भोपाळला मी घेऊन गेलो. दुर्गाबाईंना सांगितलं की चित्रांचं प्रदर्शन आहे. त्यांनी वाटेत खायला दशम्या बांधून दिल्या होत्या. त्या मी खाल्ल्या.

निवड झाली तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. घरी गेलो तर दुर्गाबाई जमिनीवर बसलेल्या, ती ढाल मांडीवर. श्रुतिका दाराशी उभी. मला बसा म्हणाल्या नाहीत. गोळ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “मास्तर, हा मोती नाही होय. सुरुंग होय.”

मग त्यांनी जे सांगितलं, ते मी आज तुम्हाला सांगतो. प्रेमलालजींचं जहाज समुद्रात पेरलेले सुरुंग काढणारं होतं; गोळ्यावरच्या त्या शिंगांना धक्का लागला की सुरुंग फुटतो. सारस त्याचं नाव. लाकडाचं जहाज, कारण पाण्यातले काही सुरुंग लोखंडाच्या चाहुलीनं फुटतात. ते मागे लांब तार ओढत जायचं. तारेनं सुरुंगाचा तळाशी बांधलेला दोर कापला की सुरुंग वर तरंगायचा, मग दुरून बंदुकीनं तो फोडायचा. प्रेमलालजींची जागा अगदी मागच्या टोकाला, तारेपाशी.

“सुट्टीवर आलते तवा त्याइनंच सांगितलं मले,” दुर्गाबाई म्हणाल्या. “सारस त्याच्यावर पाय देऊन उभा हाये, म्हणून मागची जहाजं सुखानं जातात. मी म्हटलं, अन् सारसाचं काय? तं हसले.”

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई संपल्याचं रेडिओनं सांगितलं. दुर्गाबाई तेव्हा एकवीस वर्षांच्या. आपले गजेंद्रभाऊ पाळण्यात. त्यांनी गावभर गूळ वाटला. सासूनं नवसाचा नारळ फोडला. नवरा आता येईल म्हणून त्या रोज बसच्या वेळेला रस्त्यापर्यंत जात. लढाई संपली की सुरुंग आपोआप संपत नाहीत, बंदरांच्या तोंडाशी तसेच पडून असतात आणि ते काढायला कुणाला तरी जावं लागतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आपल्यापैकी कितीजणांना माहीत होतं? ते गेल्याची तार फेब्रुवारीत आली. पूर्वेकडच्या एका बंदराशी कापलेला सुरुंग जहाजाच्या शेपटीजवळच वर आला होता. त्यानंतर पेटी आली, आणि पेटीत ही ढाल.

“शेजारीण म्हणे, लढाई तं सरली, मंग हा कसा काय मेला? काय सांगू मी तिले?”

मी विचारलं, “बाई, ते चित्र तेरा वर्षं भिंतीवर होतं. तुम्ही बोलला का नाहीत?”

“पोरगी नऊ वर्षांची होती. वाटलं, असू द्या तिचा मोती.” मग म्हणाल्या, “तवा तुमाले मालूम नव्हतं, त्याचा राग नाही. भोपाळले नेलं तवा तं मालूम होतं ना, का हिचा आजा दर्यातच गेला? मले इचारलं काहून नाही? मी नाहीच म्हटलं असतं. पण इचाराचं होतं.”



त्या नातीकडे वळल्या. “आता तुले समजलं काय होय ते. आता सांग.”

श्रुतिकानं ढाल हातात घेतली, मलाच विचारलं, “सर, ये पहले क्यों नहीं बताया?” आणि आत निघून गेली. तीन दिवस ती कोणाशी धड बोलली नाही. मला वाटलं, नाही म्हणेल. खरं सांगू? नाही म्हणावं, असं मला वाटत होतं. म्हणजे मी सुटलो असतो. चौथ्या दिवशी सकाळी ती आजीजवळ बसली, भिंतीवरचं चित्र काढून बाजूला ठेवलं आणि म्हणाली, “आजी, मी जाते. मोत्यासाठी नाही जात.”

दुर्गाबाई म्हणाल्या, “हौ.” एवढंच. मग पाणी भरायला उठल्या.

हे चार महिन्यांपूर्वीचं. या चार महिन्यांत त्यांनी नातीचे कपडे शिवून घेतले, पापड-लोणची बांधली, पण जाण्याविषयी अवाक्षर काढलं नाही. माझ्याशी तर बोलणंच बंद. बाजारात समोर आल्या की रस्ता बदलत.

काल दुपारी मात्र त्या एकट्या रिक्षानं माझ्या घरी आल्या. पायरीवरच उभ्या राहून म्हणाल्या, “उद्या तुमी बोलून राह्यले म्हणतात. बोलाल तं पुरं बोला. अर्धं नको. अन् मले स्टेजवर नेऊ नका, वीरपत्नी-गिरपत्नी म्हणू नका. लोक एक दिवस म्हणतात.”

म्हणून मंडळींनो, मी हे पुरं बोललो. कार्यक्रमपत्रिकेत ‘वीरपत्नीचा सत्कार’ असं छापलंय; तो कार्यकर्त्यांच्या प्रेमाचा भाग आहे, पण तो होणार नाही. अध्यक्षमहाशय, आपल्याला आधी कळवायला हवं होतं, राहून गेलं.

श्रुतिका, तुला मी उपदेश करणार नाही. माझ्या सांगण्यातून तू एकदा वाट धरलीस, ते पुरे झालं. तिकडे जे विचारायचं ते नीट विचार. एखाद्या मोठ्या माणसाला माहीत नसेल आणि तरी तो ऐटीत सांगत असेल, तर ओळखायला शीक. तुला त्याचा अनुभव आहे. आणि आजीला फोन करत जा. आठ दिवसांतून एकदा, रविवारी, जेवणानंतर. तिनं सांगितलंय असं नाही, मी सांगतोय.

मंडळानं बोलण्याची संधी दिली, आपण सर्वांनी शांतपणे ऐकलं, त्याबद्दल मनापासून आभार. आनंदाच्या प्रसंगी मी तुमची मनं जड केली, वेळही जास्त घेतला, बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, त्याबद्दल आपण सर्वांनी मला क्षमा करावी. तुमच्याकडून ती मी हक्कानं मागतो.

दुर्गाबाई शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसल्या आहेत. त्यांच्याकडे मी आज क्षमा मागत नाही. चारशे माणसांसमोर मागितली, तर त्यांना नाही म्हणता येणार नाही, आणि न विचारता त्यांच्याकडून मी एकदा पुष्कळ घेतलं आहे. परवा गाडी सुटल्यावर मी त्यांच्या दारी जाणार आहे. त्या नाही म्हणाल्या तर परत येईन.

नमस्कार.